लोणारचे जंतु आणि त्यांचें नामकरण

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याच्या वाटेनें पूर्वेकडे गेलें असतां बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें सरोवर लागतें. काळ्या कातळांतील हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. विष्णूनें येथें लवणासुराला मारिलें, अशी तेथील दैत्यसूदन देवळाची कथा. विवर उल्कापाताचें आहे, हें शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं खडकांवरील आघाताच्या खुणांवरून दाखविलें. पाणी खारट व अतिशय क्षारयुक्त, त्याचा सामू दहाच्या आसपास. तथापि ज्यास लोक मेलेलें पाणी म्हणतात, त्यांतच जंतूंच्या नव्या जाती, किंबहुना नव्या प्रजातीही सांपडल्या आहेत.

जंतूची जात ठरविणें हें पक्षी ओळखण्यासारखें नाहीं. सूक्ष्मदर्शकांतून कांडी किंवा गोळा एवढेंच रूप दिसतें. सरोवराइतकाच क्षार घातलेल्या आगरावर पाण्याचा थेंब पसरावयाचा, उगवलेली एक वसाहत उचलून पुनःपुन्हां शुद्ध करावयाची, ती काय खाते, किती मिठांत व उष्णतेंत तगते, हें पाहावयाचें. शेवटचा निवाडा मात्र जनुकाचा. अमेरिकेंत कार्ल वूज यांनीं १९७७ सालीं रायबोसोमच्या आरएनएवरून जीवांचीं नातीं ताडून पाहिलीं, तेव्हां जंतूंत गणलेला एक मोठा समूह मुळीं जंतूंचा नव्हेच, असें निघालें. जून २०२० मध्यें लोणारचें पाणी गुलाबी झालें व नाना तर्क चालले. तो रंग याच निराळ्या, म्हणजे आर्किया समूहांतील मीठप्रिय जीवांचा होता.

हैदराबादच्या पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्रांतील संशोधकांनीं लोणारच्या पाण्यांतून इंडिबॅक्टर व नायट्रिटॅलिया या प्रजाती २०१० सालीं, आणि सेसेंबिया लोणारेन्सिस २०१२ सालीं जगापुढें मांडली. पहिल्या नांवांत आपला देश आहे. तिसऱ्यांत त्या केंद्राचीं इंग्रजी आद्याक्षरें लॅटिनच्या वेषांत उभीं आहेत. हा वेष आम्हांस किंचित् हास्यास्पद वाटतो. पण ‘लोणारेन्सिस’ हा शब्द वाचतांना अभिमान वाटल्यावांचून राहत नाहीं.

नांव पक्कें होण्यास एक अट आहे. त्या जातीचा जिवंत नमुना निदान दोन देशांतील दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवला गेला पाहिजे. अट रास्त आहे. परंतु कुपींत गोठविलेला वाण नांव जगवील, ती जात सरोवरांत कोणाच्या आधारानें जगते, हें सांगणार नाहीं. लोणारच्या कांठच्या झऱ्यांचें गोडें पाणी सरोवरांत उतरतें, वस्तीचें सांडपाणीही उतरत आलें. क्षार पातळ झाला कीं क्षारप्रिय जीव मागें हटावयाचे. सरोवराला २०२० मध्यें रामसर पाणथळाचा मान मिळाला, तरी ही काळजी मिटत नाहीं.

शिवाय निसर्गांतील बहुसंख्य सूक्ष्मजीव आगरावर उगवतच नाहींत. जुन्या नियमानें ते निनांवीच. २०२२ सालीं केवळ जनुकक्रमावरून नांव देण्याचा स्वतंत्र नियमसंग्रह पुढें आला. त्यांत जिवंत वाणाची गरज नाहीं. आम्हांस ही सोय मान्य आहे, पण धास्तीही वाटते: लोणारच्या एखाद्या जातीला नांव मिळेल, आणि तोंवर नांवाचा धनी सरोवरांतून गेलेला असेल.