टास्मानियातील समलैंगिक हक्क चळवळ
ऑस्ट्रेलियाच्या या बेट-राज्यात पुरुषांमधील समलैंगिक संबंध १९९७ पर्यंत गुन्हा होते. कमाल शिक्षा तब्बल २१ वर्षांची कैद. इतर सर्व राज्यांनी असे कायदे त्याआधीच रद्द केले होते. १९८८ मध्ये होबार्टच्या सॅलामांका बाजारात कायदाबदलासाठी सह्या गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या टेबलावर नगरपरिषदेने बंदी घातली. कार्यकर्ते दर शनिवारी पुन्हा तिथेच उभे राहिले, शंभराहून अधिक जणांना अटक झाली आणि चळवळ घराघरांत पोचली. चळवळीतील कार्यकर्ते निक टूनेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. हा कायदा खासगीपणाच्या हक्काचा भंग करतो, असा निर्णय समितीने ३१ मार्च १९९४ रोजी दिला. त्या निर्णयाला अनुसरून संघीय संसदेनेही कायदा केला, तरी राज्य मागे हटले नाही. टूनेन आणि सहकारी कार्यकर्ते रॉडनी क्रूम यांनी ऑस्ट्रेलियाचे सर्वोच्च न्यायालय (हाय कोर्ट) गाठले. त्याआधी दोघांनी स्वतःच्या संबंधांची कबुली पोलिसांना दिली होती. हे धाडस विलक्षणच. अखेर मे १९९७ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारी कलमे रद्द झाली. होबार्ट नगरपरिषदेने २००८ मध्ये अटकांबद्दल माफी मागितली. भारतात समलैंगिक संबंधांबाबतच्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या नाझ फाउंडेशन निकालातही टूनेन प्रकरणाचा आधार घेतलेला आहे.