जात्यापाशी शिकवणाऱ्या बाई : डॉ. सरोजिनी बाबर

डॉ. सरोजिनी बाबर यांच्या वर्गात बसण्याचा योग आमच्यापैकी कोणालाही आला नाही. आम्ही एम.ए. झालो तेव्हा त्या हयात होत्या; मनात आणले असते तर भेटता आले असते, पण आम्ही भेटलो नाही. त्या वयात आमच्या लेखी साहित्य म्हणजे नवकविता, नवकथा आणि समीक्षेतले वाद. लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका आम्ही गुणांसाठी सोडवली. पुढे कोयनानगरच्या परिसरात मराठी शिकवू लागलो आणि तीच प्रश्नपत्रिका आमच्या वाट्याला आली, तेव्हा बाईंच्या पुस्तकांकडे वळणे भाग पडले. आज त्यांचे स्मरण करताना 'बाई' हा शब्द आम्ही शिक्षिका याच अर्थाने वापरत आहोत.

बाईंचा जन्म १९२० साली सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, बागणी या गावी झाला. वडील कृ. भा. बाबर शिक्षणक्षेत्रातले. खेड्यातल्या मुलीने मराठी घेऊन पीएच.डी.पर्यंत जाणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून गेल्या. १९६८ ते १९७४ या काळात राज्यसभेच्या सदस्य होत्या. २००८ साली त्यांचे निधन झाले. तथापि त्यांच्या आयुष्याचा कणा राजकारण हा नव्हता. समाजशिक्षण मालेतून नवसाक्षरांसाठी निघालेल्या शेकडो पुस्तिका आणि महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीचे संग्रह, ही त्यांची खरी कामगिरी होय.

या दोन कामांकडे सहसा वेगवेगळे पाहिले जाते : एक प्रौढशिक्षणाचे, दुसरे संशोधनाचे. आम्हाला ती एकच वाटतात. नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईच्या हाती पुस्तक द्यायचे, आणि अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडचे शब्द पुस्तकात आणायचे, हा एकाच रस्त्यावरचा येण्याजाण्याचा प्रवास आहे. पहिल्या कामात बाई शिकवतात, दुसऱ्यात त्या शिकतात. शिक्षक म्हणून त्यांचे मोठेपण आम्हाला या दुसऱ्या गोष्टीत दिसते.

स्त्रीगीतांच्या संग्रहाचा आरंभ अर्थातच त्यांनी केला नाही. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' त्यांच्या आधीचे. कमलाबाई देशपांडे यांचे 'अपौरुषेय वाङ्मय' १९४८चे, तर दुर्गाबाई भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेखा' १९५६ची. दुर्गाबाईंनी या विषयाला शास्त्राची चौकट दिली. सरोजिनीबाईंचा पिंड वेगळा होता. त्यांना सिद्धान्तापेक्षा साठवण महत्त्वाची वाटे. 'जा माझ्या माहेरा', 'एक होता राजा', 'तीर्थांचे सागर', 'साजशिणगार', 'कुलदैवत', 'भोंडला भुलाबाई' ही त्यांच्या ग्रंथांची नावे पाहिली तरी ध्यानात येते की येथे विषयांची विभागणी ग्रंथालयाच्या कपाटातून आलेली नाही, ती बाईच्या जगण्यातून आली आहे. पुण्याकडे जो भोंडला, तो आमच्या सातारा-सांगलीकडे हादगा आणि विदर्भ-खानदेशात भुलाबाई. या नावांच्या फरकाकडे त्यांनी बोलीतला दोष म्हणून पाहिले नाही, संपत्ती म्हणून पाहिले. पुढे मुंबई दूरदर्शनवर शान्ता शेळके यांच्यासह त्यांनी 'रानजाई' ही मालिका केली आणि खेड्यातला ठेवा शहरातल्या दिवाणखान्यात नेला.

एवढे आम्ही वर्गात सांगत असू. त्याचा अर्थ कळला तो मात्र एका विद्यार्थिनीमुळे. बी.ए.च्या मुलांना आम्ही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून ओव्या टिपून आणायला सांगितल्या होत्या. ही मुलगी रिकाम्या हाताने परतली. आजी म्हणे, नुसते बसून ओवी येत नाही. मग पडवीत उलटे पडलेले जाते धुऊन मांडले, नवा खुंटा ठोकला, मूठभर तांदळाची वैरण घातली. दोन-चार फेरे झाले आणि ओव्या येऊ लागल्या. मुलीने मोबाइलवर तासभर ध्वनिमुद्रण केले. त्यातल्या बऱ्याच ओव्या माहेरच्या होत्या. माहेरची वाट, गावाबाहेरचा ओढा, दारातले झाड. गावाचे नाव तर पुन्हा पुन्हा येत होते. ते गाव कोठे आहे, असे आम्ही विचारले. मुलगी म्हणाली, "धरणात."

साठच्या दशकात शिवाजीसागर भरला आणि कोयनेच्या वरच्या खोऱ्यातली अनेक गावे पाण्याखाली गेली. माणसे दूरच्या जिल्ह्यांत पांगली. धरणाच्या खाली ज्यांचे सासर होते, त्या लेकी येथेच राहिल्या. त्यांना जायला माहेर मात्र उरले नाही. पुढे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, जात्यावर बसण्याच्याच वेळेला, भूकंपाने उरलेली घरेही पाडली.

त्या दिवशी आम्ही 'जा माझ्या माहेरा' पुन्हा उघडले. आजीच्या ओव्यांचा घाट तेथे ओळखीचा होता, भाऊ होता, वाट होती. आजीचे गाव अर्थातच नव्हते. तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या दशकात शासनाची एक समिती मायेने ओव्या गोळा करीत होती, त्याच दशकात शासनाच्याच दुसऱ्या कामामुळे त्या ओव्यांतली काही गावे नकाशावरून पुसली जात होती. यात बाईंचा दोष काढायचा नाही. विजेची आणि पाण्याची गरज आम्ही नाकारीत नाही. पण हे दोन इतिहास आपण एकत्र वाचले नाहीत, ही आपल्या अभ्यासाची उणीव आहे.

येथे थोडे दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटाची मँक्स नावाची भाषा आहे. १९४८ साली आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने तेथे जाऊन तिच्या शेवटच्या काही वृद्ध भाषकांचे आवाज मुद्रित केले. त्यांतला अखेरचा, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. तथापि त्याच्यासारख्या म्हाताऱ्यांपाशी बसून काही तरुण भाषा शिकले होते. त्यांनी ती पुढच्यांना शिकवली आणि २००१ साली त्या भाषेतून शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. आपली स्थिती उलटी आहे. आपली भाषा कोट्यवधी लोक बोलतात, पण जाते थांबले. ज्या कामातून ओवी जन्माला येत होती ते काम पिठाच्या गिरणीने संपवले. बायकांचे कष्ट वाचले हे चांगलेच झाले. त्यासाठी कोणी हळहळू नये. पण भाषा जिवंत आहे म्हणजे तिच्यातले सारे जिवंत आहे, असे समजून आपण स्वस्थ बसलो.

बाईंच्या पद्धतीविषयीचा आमचा आक्षेपही येथेच नोंदवावासा वाटतो. त्यांची मांडणी विषयवार आहे. माहेरच्या साऱ्या ओव्या एकत्र आल्या की 'मराठी स्त्री' दिसते, पण ती विशिष्ट ओवी म्हणणारी विशिष्ट बाई मागे राहते. ऐंशीच्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा म्हणणारीचे नाव आणि गाव यांना त्यांनी महत्त्व दिले. २०१७पासून तो संग्रह 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागला. ही पुढची पायरी होय. मात्र बाईंनी ओवीला अभ्यासाच्या मेजावर मानाने बसवले नसते, तर या पायरीपर्यंत येणे आपल्याला अधिक अवघड गेले असते, हेही तितकेच खरे. शिक्षकाशी मतभेद असणे म्हणजे त्याचे ऋण नाकारणे नव्हे.

त्या विद्यार्थिनीची वही आम्ही महाविद्यालयात ठेवली आहे. पहिल्या पानावर आजीचे नाव आहे, त्याखाली सासरचे गाव, त्याखाली माहेरचे. पुढच्या वर्गांतल्या मुलांनी त्यात भर घातली. पाण्याखालच्या गावांची नावे आता त्यात हळूहळू जमत आहेत. धरणग्रस्तांच्या वसाहती ज्या जिल्ह्यांत आहेत, तेथल्या अध्यापकमित्रांना आमची विनंती आहे की त्यांनीही आपल्या विद्यार्थ्यांकरवी हे काम करावे. कोयनेच्या खोऱ्यातून गेलेल्या वृद्ध स्त्रिया आता थोड्याच उरल्या असतील. त्यांच्यापुढे कागद-लेखणी नेण्याआधी एक जाते मांडावे, मग ऐकावे. सरोजिनीबाईंना भेटायचे आमच्या हातून राहून गेले. या बायकांच्या बाबतीत तसे होऊ नये.