मधु, मधूक आणि मोह : एका गोडसर पेयाचा इतिहास

कुणाच्या घरी मेजवानीला जाताना सोबत काय न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाचा वाटत नाही. आजच्या शहरी मध्यमवर्गात तो साधारणपणे असा पडतो : पाहुण्यांतले काही जण क्वचितच घेणारे, तुरट लाल वाइन बहुतेकांना सोसत नाही, तेव्हा गोडसर, पांढरी आणि खिशाला परवडणारी एखादी बाटली न्यावी. दुकानदार बहुधा नाशिककडची शेनिन ब्लाँ पुढे करतो, आणि त्याचे उत्तर चुकीचे नसते. परंतु 'गोडसर', 'पांढरी' आणि 'परवडणारी' ही तीन विशेषणे घेऊन नंदुरबार जिल्ह्यात उभे राहिले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. या जिल्ह्यात मराठी शिकवताना आम्हांला जाणवत गेले की या विशेषणांमागे कायदा, महसूल आणि प्रतिष्ठा यांचा दीड शतकाचा इतिहास उभा आहे.

आरंभ भाषेपासून करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्याचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले असून त्याचे भेद ते जिथून येते त्या प्रदेशांवरून केले आहेत. त्यांतला 'कापिशायन' म्हणजे कपिशा प्रदेशातला, आजच्या अफगाणिस्तानातला. द्राक्षाचे मद्य तेव्हाही दूरदेशीचे आणि म्हणून मानाचे होते. त्याच 'मधु'शी नाते सांगणारा 'मधूक' मात्र इथल्या रानातला वृक्ष. प्राकृतातल्या 'महुअ' या रूपावरून मराठीत तो 'मोह' झाला. भुरळ या अर्थाचा संस्कृत 'मोह' आणि हा झाडाचा मोह यांची व्युत्पत्ती वेगळी. उच्चार तेवढा एक. पण या योगायोगाने झाडाच्या माथी एक नैतिक ठपका आयता चिकटला, असे वाटल्यावाचून राहत नाही.

रसायनाच्या दृष्टीने दोहोंचा आरंभ एकच आहे. किण्व साखर खाते आणि तिचे अल्कोहोल करते. द्राक्षरसातली सगळी साखर संपली तर वाइन 'ड्राय' होते. रस थंड करून आंबवणे मध्येच थांबवले तर थोडी साखर उरते आणि वाइन गोडसर लागते. घड वेलीवर अधिक काळ राखून उशिरा खुडले तर साखर आणखी दाटते. मोहाचे फूल तर मुळातच साखरेचे गाठोडे. चैत्राच्या आगेमागे ही फिकट, मांसल फुले रात्री गळतात आणि पहाटे वेचली जातात. वाळवलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखरच असते. ती भिजवून, काही दिवस आंबवून मडक्यांत ऊर्ध्वपातन करतात आणि पाण्यासारखी स्वच्छ, फुलाचा वास असलेली दारू निघते. ही वाइन नव्हे, तिची तीव्रता पुष्कळ अधिक असते. तरी रानातल्या माणसाला परवडणारे गोड वासाचे पेय हेच होते.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत या पेयाचे स्थान निव्वळ नशेचे नव्हते. सोयरीक जुळली की दोन्ही बाजूंनी एकत्र घेतलेले पेय हीच त्या कराराची साक्ष. पूर्वजांच्या आणि देवांच्या नावाने पहिली धार जमिनीवर सोडायची, मग माणसांनी घ्यायचे. पाहुण्याने काय न्यावे याचे उत्तर तिथे परंपरेनेच दिलेले होते, आणि ते घरी तयार होत होते.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने हे उत्तर बेकायदा ठरवले. दारू गाळणे सरकारी देखरेखीखालच्या मध्यवर्ती भट्ट्यांत, विक्रीचे मक्ते लिलावाने, आणि घरची भट्टी हा गुन्हा अशी ती व्यवस्था. पुढे १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. जे रानात फुकट वेचता येत होते, तेच आता मक्तेदाराच्या दुकानातून, बहुधा उधारीवर, विकत घ्यावे लागे. 'परवडणारी' या विशेषणाचा अर्थ इथे प्रथम बदलला.

याला आदिवासी समाजाने जे उत्तर दिले, ते आम्हांला या इतिहासातले सर्वांत विलक्षण पान वाटते. १९२२च्या अखेरीस दक्षिण गुजरातेत, म्हणजे आपल्या नवापूरच्या अगदी शेजारी, अंगात येणाऱ्या देवीने दारू-ताडी सोडण्याच्या आणि पारशी दारूविक्रेत्यांवर बहिष्कार घालण्याच्या आज्ञा दिल्या. डेव्हिड हार्डिमन यांच्या 'द कमिंग ऑफ द देवी' (१९८७) या ग्रंथात या चळवळीचा विस्तृत वेध आहे. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी हाच धागा पुढे नेला. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना 'आप' म्हणा, असे ते सांगत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'अरे-तुरे' ऐकावे लागले त्यांनी परस्परांना आदरार्थी संबोधावे, हा व्याकरणाचा वाटणारा बदल केवढा क्रांतिकारक होता, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. १९३८मध्ये महाराज गेले, पण त्यांचा पंथ टिकला. पुढे १९७०च्या दशकाच्या प्रारंभी शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या लढ्यात आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांवर चाल करून दारूची मडकी फोडली. मार खाणारी आणि मजुरी गमावणारी बाजू त्यांची होती. 'आपलीच परंपरा आहे' असे म्हणून मोहाचे गोडवे गाणाऱ्याने या स्त्रियांसमोर उभे राहून ते म्हणता येते का, हे पाहावे.

आता द्राक्षाकडे वळू. १९८०च्या दशकात नारायणगावच्या इंडेजने फसफसणारी वाइन काढली. १९९९मध्ये नाशिकजवळ सुला सुरू झाली. २००१मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले आणि राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादनशुल्कात सवलत दिली. आजची बाटली 'परवडणारी' असण्यात या सवलतीचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०२२मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हे समर्थन पुढे आले आणि वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर महाराष्ट्रभर वाद पेटला. द्राक्ष पिकवणारा तो शेतकरी. मोह वेचणारी मात्र दीर्घकाळ संशयित. मोहफुलांचे संकलन आणि वाहतूक यांवरची बंधने राज्याने उठवली ती २०२१मध्ये. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' ठरवून आलीराजपूरसारख्या जिल्ह्यात बचतगटांकडून तिचे उत्पादन सुरू केले. शंभर वर्षांपूर्वीचा गुन्हा आज वारसा म्हणून बाटलीत भरला जात आहे.

असो. मूळ प्रश्न टाळण्याचा आमचा हेतू नाही. गोडसर पांढरी वाइन न्यायची असेल तर शेनिन ब्लाँ ही समंजस निवड आहे. अधिक गोड हवी असेल तर बाटलीवर 'लेट हार्वेस्ट' लिहिलेले पाहावे, आणि वाढण्यापूर्वी ती चांगली थंड करावी. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवावे. यजमानाच्या घरी कुणी पीत नसेल तर बाटलीच नेऊ नये. तळोद्याच्या खेड्यात तर आपण ज्याच्या दारी जाऊ तो गुलाम महाराजांच्या पंथाचा असण्याचा संभव पुष्कळ.

तिथे रिकाम्या हाताने गेले तरी चालेल. दारात उभे राहून यजमानाला 'आप' म्हणावे.