संघनित जल निचरा नळी

घरगुती वातानुकूलन यंत्रात किंवा हवेतील आर्द्रता कमी करणाऱ्या यंत्रात (डिह्युमिडिफायर) बाष्पापासून तयार होणारे पाणी बाहेर वाहून नेणाऱ्या नळीस संघनित जल निचरा नळी म्हणतात. व्यवहारात ती 'ड्रेन पाइप' या नावाने ओळखली जाते. घरातील युनिटमधून पाणी गळू लागले की दोष प्रथम या नळीवर ठेवला जातो. मात्र तो नेहमीच तिचा नसतो.

पाण्याचा उगम

३० अंश सेल्सियस तापमान व ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. यंत्रातील कूलिंग कॉइलचा पृष्ठभाग त्याहून बराच थंड असल्याने बाष्प त्यावर थेंबांच्या रूपात जमते, खालच्या तबकात ओघळते व नळीवाटे बाहेर पडते. दमट हवेत दीड टनाच्या यंत्रातून तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी निघू शकते. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात हे प्रमाण अत्यल्प असते. त्यामुळे बसवतानाच राहिलेला दोष तेथे पाऊस सुरू झाल्यावरच उघड होऊ शकतो. मुंबई, कोकण व गोव्यात तो लगेच दिसतो.

हे पाणी यंत्राच्या कामाचाच भाग आहे. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आखलेल्या यंत्रणेचा मुख्य हेतू हवेतील आर्द्रता आटोक्यात ठेवणे हा होता.

गळतीची कारणे

तबकातील धूळ, बुरशी व जिवाणू मिळून बुळबुळीत थर तयार होतो आणि तो नळीत साचून प्रवाह अडवतो. नळीला सलग उतार नसणे हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे. आंतरराष्ट्रीय यांत्रिक संहितेनुसार आडव्या नळीस किमान एक टक्का, म्हणजे मीटरला एक सेंटीमीटर उतार आवश्यक असतो. पन्हाळीदार लवचीक नळी मध्येच झोळ घेते. त्या झोळात पाणी साचून गाळ बसतो. नळीचे टोक बादलीतील पाण्यात बुडाले असल्यास आतील हवेला वाट राहत नाही आणि नळी स्वच्छ असूनही पाणी तुंबते.

फिल्टर धुळीने भरल्यास किंवा शीतकाचे प्रमाण घटल्यास कॉइलवर बर्फ जमतो. यंत्र बंद केल्यावर तो एकदम वितळून तबकाबाहेर सांडतो. अशा वेळी नळी कितीही साफ केली तरी गळती थांबत नाही. खोलीतून जाणाऱ्या थंड नळीवर उष्णतारोधक आवरण नसल्यास तिच्या बाहेरील बाजूसही दव जमते व ते गळतीसारखे भासते.

डक्टच्या यंत्रणेत पंखा कॉइलच्या पुढे असेल, तर तबकाजवळ बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो आणि हवा नळीतून आत ओढली जाऊन पाणी अडते. त्यासाठी पाणी भरलेले वळण (ट्रॅप) ठेवतात.

निदान व दुरुस्ती

प्रथम यंत्राचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद करावा. फिल्टर व कॉइल तपासून बर्फ असल्यास तो पूर्ण वितळू द्यावा. त्यानंतर विद्युत भागांपासून दूर राहून तबकात थोडेथोडे पाणी ओतावे. ते बाहेरच्या टोकातून त्याच वेगाने आले तर नळी मोकळी आहे, असे समजावे. अडथळा असल्यास बाहेरच्या टोकाला पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर लावून गाळ खेचणे इष्ट. उलट दिशेने जोरात हवा मारल्यास तबकाजवळचा सांधा निसटू शकतो आणि मग भिंतीतच पाणी मुरते.

सफाईसाठी सौम्य व्हिनेगर वापरतात. ब्लीचमुळे धातूचे भाग गंजतात. शिवाय ते व्हिनेगरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. झोळ असलेली नळी वारंवार साफ करण्यापेक्षा ती बदलून गुळगुळीत पीव्हीसी नळी उतारावर बसवणे अधिक टिकाऊ ठरते.

इतर यंत्रे

डिह्युमिडिफायरमध्ये पाणी टाकीत साठते व टाकी भरताच तरंगता स्विच यंत्र थांबवतो. निचऱ्याचे ठिकाण उंचावर असल्यास छोटा पंप लागतो. खिडकीतील अनेक यंत्रांत बाहेरचा पंखा साचलेले पाणी गरम कंडेन्सरवर उडवतो. त्यामुळे येणारा छपछप आवाज हा बिघाड नव्हे.

जमा झालेले पाणी फरशी पुसण्यास वापरता येते. त्यात क्षार अत्यल्प असले, तरी कॉइलवरील धूळ, धातूंचे अंश व सूक्ष्मजीव असल्याने ते पिण्यायोग्य नसते.