चार रुपयांचा गोलंदाज

भात कापून खाचरे मोकळी झाली, की आमच्या उरणच्या बाजूला पोरांचे क्रिकेट रंगते. साऱ्या जगातले खेळाडू त्यांना पाठ. पण पाळवणकर बाळूंचे नाव काढले, की ती तोंडाकडे पाहत राहतात. म्हणून ही हकीकत दिवाळीच्या निमित्ताने सांगावीशी वाटते.

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत साहेब जाईल तेथे आपले खेळ घेऊन गेला. रग्बी आपल्याकडे फारशी रुजली नाही. कलकत्त्याच्या साहेबांनी तर १८७८ साली आपला रग्बी क्लब मोडला आणि शिलकी चांदीचे रुपये वितळवून त्यांचा चषक केला. क्रिकेट मात्र रुजले.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे चांभाराचे, मूळ कोकणातले. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात साहेबांच्या क्लबात बाळू लागले ते दरमहा चार रुपयांवर. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. आपली डावखुरी फिरकी त्यांनी तिथेच घडवली.

पुण्याच्या हिंदू संघाला हा हात हवा होता, पण शिवायला नको होता! चेंडू या हातातून त्या हातात जाई, त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली, की बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात.

पुढे ते मुंबईच्या हिंदू संघातून खेळू लागले. १९०६ साली त्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला. २३ सामन्यांपैकी १५ हरला. बाळूंनी मात्र ११४ गडी टिपले, तेही सरासरी १९ हून कमी धावांत. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. तो मान १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. बाळू १९५५ साली वारले.

जिंकायचे तर बाळू हवेत, हे उमगल्यावर पंगतीचा भेदही हळूहळू ढिला झाला. याचा आनंद मानावा, हे खरे. पण माझ्या मनात एक प्रश्न राहतोच : त्याच क्लबात चार रुपयांवर झाडू मारणाऱ्या, पण हाती फिरकी नसलेल्या माणसाला मंडपात कोणी बोलावले असते काय?