तिबेटी निर्वासित निवडणूक लढवू शकतात का? संसदेची हो, पण ग्रामपंचायतीची?

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की सायखेडा-चांदोरीकडची मंडळी स्वेटर घ्यायला नाशिक गाठतात. तिथे तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल ठरलेले. दरावरून घासाघीस होते, कानटोपी फुकट मागितली जाते आणि विषय संपतो.

पण त्या स्टॉलवर बसलेली बाई एका संसदेची मतदार असू शकते. ती त्या संसदेची उमेदवारही असू शकते. सायखेड्यासारख्या एखाद्या ग्रामपंचायतीसाठी मात्र तिला अर्ज भरता येईल का, हे तिच्या जन्मतारखेवर ठरतं.

महाराष्ट्रातले तिबेटी राहतात कुठे?

स्वेटर विकणारे बहुतेक जण हिवाळ्यापुरते शहरात येतात. त्यांची घरं तिबेटी वसाहतींमध्ये असतात. महाराष्ट्रातली अशी वसाहत गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग. १९७२ मध्ये ती वसली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या कागदपत्रांत ही वसाहत आजही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखली जाते. शेती करायची आणि थंडीत स्वेटर विकायला बाहेर पडायचं, असं तिथलं वर्ष.

देश नाही, पण संसद आहे

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर १९६० रोजी, तिबेटी लोकप्रतिनिधींचं पहिलं मंडळ अस्तित्वात आलं. तेव्हा सदस्य होते १३. आज धर्मशालेतल्या या निर्वासित संसदेत ४५ जागा आहेत. १९९१ मध्ये तिची सनद मंजूर झाली, तीच तिची राज्यघटना.

जागांची वाटणी आपल्या मतदारसंघांसारखी नाही. ऊ-त्सांग, खाम आणि आम्दो या तिबेटच्या तीन पारंपरिक प्रांतांना प्रत्येकी १० जागा. बौद्ध धर्माचे चार पंथ आणि बोन धर्म यांना प्रत्येकी २. उरलेल्या ५ जागा अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया अशा दूरच्या तिबेटींसाठी. म्हणजे गोठणगावात जन्मलेला माणूस ‘गोठणगाव’साठी मत देत नाही. त्याचं कुटुंब मूळचं खामचं असेल, तर तो खामचे प्रतिनिधी निवडतो. जो प्रांत त्याने कधी पाहिलाच नाही, त्याचे! भिक्खू आणि भिक्खुणींना तर दोन मतं असतात, एक प्रांतासाठी आणि एक पंथासाठी.

मतदानासाठी वय १८ पूर्ण हवं, उमेदवारीसाठी २५. शिवाय ‘ग्रीन बुक’ लागतं. हे निर्वासित प्रशासनाचं ओळखपुस्तक असून त्यात दरवर्षीच्या ऐच्छिक कराची नोंद होते. नाव ‘ऐच्छिक’, पण तो थकलेला असेल तर मत देता येत नाही.

निवडणूक दर पाच वर्षांनी आणि साधारण दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत मतदार स्वतःच्या मनातली नावं लिहून देतात. त्यातून पुढे आलेल्यांची यादी दुसऱ्या फेरीत मतपत्रिकेवर येते. पक्षाचं तिकीट हा प्रकार जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या तिकीटवाटपाचा गोंधळ बघता हे वाचून कुणालाही हेवा वाटेल. पण पक्ष नाहीत म्हणून भांडणं नाहीत, असं अजिबात नाही. २०२१ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांचा शपथविधीच वादात अडकला आणि संसदेचं कामकाज काही महिने रखडलं.

प्रशासनाच्या प्रमुखाला सिक्योंग म्हणतात. या पदासाठी पहिली थेट निवडणूक २००१ मध्ये झाली. २०११ मध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार सोडले, तेव्हापासून खरी सूत्रं निवडून आलेल्या नेत्याकडे आहेत. २०२१ च्या निवडणुकीत पेन्पा त्सेरिंग यांना ३४,३२४ मतं मिळाली, तर केलसांग दोर्जे ऑकात्सांग यांना २८,९०७. जगभर विखुरलेल्या समाजाची ही निवडणूक. पेन्पा त्सेरिंग यांचा जन्म कर्नाटकातल्या बायलाकुप्पे वसाहतीतला.

या सरकारला भारतासह कोणत्याही देशाची अधिकृत मान्यता नाही. भारतात मतदान होऊ दिलं जातं. नेपाळमध्ये २०१० साली पोलिसांनी काठमांडूतल्या मतपेट्याच उचलून नेल्या होत्या.

मग ग्रामपंचायतीचं काय?

महाराष्ट्रात ग्रामपंचायत लढवायला वय २१ पूर्ण हवं आणि गावच्या मतदार यादीत नाव हवं. यादीत नाव यायला भारतीय नागरिकत्व हवं. इथेच अडतं. वसाहतीतले बहुतेक तिबेटी सरकारदरबारी परदेशी नागरिक. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, ज्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात. ते ठरावीक मुदतीने नव्याने करून घ्यावं लागतं. अगदी जन्म इथलाच असला तरी.

कायदा मात्र वेगळंच सांगतो. नागरिकत्व कायद्यातल्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय, आईवडील कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय असणं आवश्यक झालं. डिसेंबर २००४ मध्ये अट आणखी कडक झाली.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. आईवडील तिबेटमधून आलेले. थोरली मुलगी १९८५ ची, धाकटा मुलगा १९८९ चा. जन्म एकाच वसाहतीत, शाळाही एकच. कायद्याने ती भारतीय, तो परदेशी. ती सरपंच होऊ शकते, त्याला मतही देता येत नाही.

नामग्याल डोलकर यांचा जन्म १९८६ चा, हिमाचल प्रदेशातला. त्यांना पासपोर्ट नाकारला गेला, कारण नोंदी तिबेटी म्हणून होत्या. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या जन्माने भारतीय आहेत असा निकाल दिला. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही तशीच भूमिका घेतली. त्यानंतर २०१४ च्या लोकसभेआधी निवडणूक आयोगाने या काळात जन्मलेल्या तिबेटींची नावं मतदार यादीत घेण्याचे आदेश दिले. याच नामग्याल डोलकर पुढे निर्वासित संसदेच्या सदस्यही झाल्या!

तरीही रांगा का लागल्या नाहीत?

कारण २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी पुढे आल्या. आरसी रद्द करायची, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडायचे आणि वसाहतीत राहायचं नाही. गोठणगावच्या माणसासाठी याचा अर्थ घर सोडणं. शिवाय मनाचाही प्रश्न आहे. नागरिक झालो तर निर्वासित उरतो का, आणि निर्वासित कमी झाले तर तिबेटची मागणी कोण करणार, ही चिंता जुन्या पिढीला वाटते. धर्मशालेच्या प्रशासनाने हा निर्णय ज्याच्या-त्याच्यावर सोडला आहे.

परदेशात स्थायिक झालेल्यांपुढे हा पेच तितका नाही. काठमांडूत जन्मलेल्या भुतिला कार्पोचे २०१८ मध्ये कॅनडात ओंटारिओ प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आल्या. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे महापौर आफताब पुरेवाल यांची आई भारतात वाढलेली तिबेटी निर्वासित. वडील पंजाबी.