हलका डेस्कटॉप आणि ‘पायऱ्या’मधला ‘ऱ्या’

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड हा सातपुड्याच्या डोंगरातला किल्ला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, सन १७०० च्या सुमारास, राजखान पठाणाने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा बंदिशाळा म्हणून उपयोग केला. एवढा मजकूर संगणकावर टंकतानाही यंत्राची चांगलीच परीक्षा होते. ‘बख्त’मध्ये ‘ख’ अर्धा होऊन ‘त’ला बिलगला पाहिजे, ‘दुर्ग’मधला रफार ‘ग’च्या डोक्यावर चढला पाहिजे, आणि किल्ल्याच्या कोणत्याही वर्णनात येणाऱ्या ‘पायऱ्या’ या शब्दात ‘र’ची ती आडवी, पापणीसारखी रेघ उमटली पाहिजे.

आता हा मजकूर २ जीबी मेमरीच्या, दहा-बारा वर्षे जुन्या लॅपटॉपवर लिहायचा आहे असे समजा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्ययावते थांबली आणि असे असंख्य लॅपटॉप लिनक्सच्या वाटेला लागले. पण लिनक्स बसवूनही यंत्र रेंगाळतेच, कारण बहुतेक ठिकाणी पहिला पडदा ग्नोमचा असतो. मग कोणी जाणकार सांगतो: डेस्कटॉप बदला, एक्सएफसीई टाका. सल्ला योग्य आहे. मात्र मराठीत काम करणाऱ्याने एक प्रश्न आधी विचारायला हवा: या बदलात आपली अक्षरे टिकतील का, आणि शब्द टिकतील का? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि त्याचे कारण गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात आहे.

मुळात डेस्कटॉप बदलता येतो, हीच गोष्ट विंडोजवर वाढलेल्या पिढीला नवलाची वाटते. तिचे मूळ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत सापडते. तेथे एक्स विंडो सिस्टिमची उभारणी सुरू झाली, आणि तिच्या कर्त्यांनी एक तत्त्व पाळले: पडद्यावर खिडकी काढण्याची सोय आम्ही देऊ, ती दिसावी कशी आणि वागावी कशी हे दुसऱ्यांनी ठरवावे. या अलिप्ततेमुळे पुढे एकाच गाभ्यावर अनेक डेस्कटॉप उभे राहू शकले. १९९६ मध्ये जर्मनीत मथियास एट्रिखने केडीईची घोषणा केली. केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर उभे होते, तिचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ग्नोम सुरू केले आणि त्यासाठी जीटीके ही लायब्ररी निवडली.

एक्सएफसीईची कथा याच काळातली, पण तिची फारशी चर्चा होत नाही. फ्रान्सच्या ऑलिव्हिए फूर्दाँने १९९६ मध्येच हे काम आरंभले होते. आपला डेस्कटॉप रेड हॅट लिनक्समध्ये जावा अशी त्याची इच्छा होती, परंतु तो एक्सफॉर्म्स या मुक्त नसलेल्या लायब्ररीवर बांधलेला असल्याने नकार मिळाला. फूर्दाँने सारे पुन्हा लिहायला घेतले आणि १९९९ मध्ये एक्सएफसीई जीटीकेवर आणले. एका नकाराने घडवलेला हा बदल मराठीच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला.

तो कसा, हे समजण्यासाठी अक्षरांकडे वळावे लागते. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत मराठी टंकली जात होतीच. पण तेव्हाचे बहुतेक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की सगळी गिचमीड दिसे. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला (त्याचा पाया भारताच्या १९८८ च्या इस्की या प्रमाणात होता), पण क्रमांकांनी जोडाक्षर होत नाही. ‘ऱ’, हलन्त, ‘य’ आणि काना हे चार संकेत ओळीने आले की त्यांचे ‘ऱ्या’ करणारा कोणीतरी लागतो. जीटीकेच्या बाजूला हे काम पँगो या लायब्ररीने उचलले. नावातला ‘पॅन’ ग्रीक, म्हणजे सर्व. ‘गो’ जपानी, म्हणजे भाषा. २००२ मध्ये जीटीके २ बरोबर पँगो आले आणि अक्षरजुळणी डेस्कटॉपच्या खालच्या थरात गेली. त्यामुळे जीटीके २ वर उभ्या राहिलेल्या प्रत्येक डेस्कटॉपला देवनागरी आयतीच मिळाली. २००३ चे एक्सएफसीई ४ त्यातलेच. फूर्दाँला रेड हॅटने होकार दिला असता, तर हे कदाचित इतके सहज घडले नसते.

फॉन्टचा प्रश्न सुटला तो पुण्याच्या मदतीने. श्री-लिपी हे नाव जुन्या डीटीपीवाल्यांना सांगायला नको. ते काढणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून रेड हॅटने भारतीय लिप्यांचे फॉन्ट घेतले आणि २००४ मध्ये ‘लोहित’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावाला साजेसा. हा फॉन्ट एका डेस्कटॉपच्या मालकीचा नाही. ग्नोम काढा, एक्सएफसीई ठेवा, लोहित जागेवरच राहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते: अक्षरे टिकतात.

शब्दांचे तसे नाही. मेन्यूतले मराठी शब्द हे प्रत्येक प्रकल्पाच्या वेगळ्या अनुवाद-फाइलीत असतात. ज्या वाक्याचा अनुवाद सापडत नाही तिथे प्रणाली मुकाट्याने मूळ इंग्रजी दाखवते. मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्सने या शतकाच्या आरंभी भारतीय भाषांतल्या डेस्कटॉपची वाट पाडली. मराठीत ग्नोम आणण्याचे मोठे काम स्वयंसेवकांनी आणि रेड हॅटच्या पुण्यातील अनुवादकांनी केले. फ्युएल प्रकल्पात तर वारंवार लागणाऱ्या शब्दांवर चर्चा करून प्रमाण रूपे ठरवली गेली. ही मेहनत प्रामुख्याने ग्नोमच्या फाइलींत जमा झाली. एक्सएफसीईच्या पॅनेलला किंवा सेटिंग्जला तिचा वारसा मिळत नाही. त्यामुळे हलक्या डेस्कटॉपवर गेलेल्या मराठी माणसाला दुभाषी पडदा दिसू शकतो: फाइल उघडण्याच्या चौकटीतले शब्द मराठी, कारण ते जीटीकेचे; आणि भोवतीचा मेन्यू इंग्रजी.

दुर्बळ यंत्रासाठी खास डेस्कटॉप घडवण्याचा एक प्रयोग महाराष्ट्राने स्वतः पाहिला आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झ, मेमरी २५६ एमबी, साठवण १ जीबी. त्यावरचा ‘शुगर’ हा डेस्कटॉप मुलांच्या शिकण्याचा विचार करून बांधला होता. त्यात फोल्डर नव्हते, केलेल्या कामाची रोजनिशी होती. कल्पना सुंदर होती. पण शुगर मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेले होते आणि एवढ्याशा मेमरीत ते जडच होते. दिसायला साधे ते चालायला हलके, असा नियम नाही. योजनेच्या पुढच्या एक्सओ १.५ यंत्रावर शुगरच्या जोडीला ग्नोमही दिले गेले.

मग एप्रिल २०११ आले आणि ग्नोम ३ आले. नव्या पडद्याला ग्राफिक्सचे त्रिमितीय बळ हवे होते. जुन्या यंत्रांसाठी ठेवलेली पर्यायी रीत २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढली गेली. त्यानंतर जिथे ग्राफिक्स चिप कमी पडे तिथे तो भार प्रोसेसरवर येऊ लागला. खुद्द लिनस टोरवाल्ड्सने २०११ मध्ये जाहीर टीका करून एक्सएफसीईचा आसरा घेतला (आणि काही काळाने तो ग्नोमकडे परतलाही). अर्जेंटिनातील एका विकसकाने मात्र वेगळी वाट धरली: ग्नोम २ चा कोड घेऊन त्याने ‘माटे’ हा डेस्कटॉप चालू ठेवला. कोडबरोबर अनुवादाच्या फाइलीही आल्या, त्यांत मराठीही होती. ग्नोम २ साठी भारतात घासूनपुसून घेतलेले मराठी शब्द असे दक्षिण अमेरिकेत सुरू झालेल्या प्रकल्पात जिवंत राहिले. नंतर भर पडलेल्या वाक्यांना अर्थातच नवा अनुवादक लागतो.

तैवानमध्ये २००६ साली सुरू झालेले एलएक्सडीई याहूनही हलके. त्याचा वारस एलएक्सक्यूटी जीटीके सोडून क्यूटीवर गेला, आणि लुबुंटूने २०१८ मध्ये त्याचाच स्वीकार केला. क्यूटीही देवनागरी नीट जुळवते. तिथेही ‘पायऱ्या’ पायऱ्याच राहतात.

प्रत्यक्ष बदल फार सोपा आहे. नवा डेस्कटॉप जुन्याच्या शेजारी बसवता येतो, लॉगिनच्या पडद्यावर कोणता उघडायचा ते निवडता येते, आणि होम फोल्डरमधल्या फाइलींना धक्का लागत नाही. मराठी मेन्यू हवे असणाऱ्याने माटे आणि एक्सएफसीई दोन्ही बसवून पाहावेत आणि कुठे किती मराठी दिसते ते स्वतः तपासावे. मेमरीची खरी खादाडी ब्राउझर करतो. डेस्कटॉप कितीही हलका असला तरी दहा टॅब उघडल्यावर २ जीबी अपुरेच पडतात. आणि प्रोसेसरच ३२ बिटचा असेल तर अडचण अधिक खोल आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्या यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. अशा लॅपटॉपला सध्या डेबियन १२ चाच आधार आहे.